लोखंड न लागलेली वेदी

माझा एक दगड फरशीवर पडला आणि केंब्रिजच्या त्या प्रदर्शन-दालनातल्या चाळीस पाहुण्यांनी एकदम माना वळवल्या. मित्रांनो, तो दगड निसटला नव्हता. मी तो सोडला होता.

मी एक जुनी, हातभर रुंद वेदी आहे; जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरातील वेदीची प्रतिकृती. लंडनजवळच्या इल्फर्डमधल्या एका गॅरेजमध्ये बिन्यामीन चेऊलकर या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या, सुताराने मला घडवले. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, नोंदवलेली मंदिराची मापे त्यांना तोंडपाठ होती. माझ्यासाठी त्यांनी समुद्रकाठचे अखंड खडे वेचले, चुना लाकडी फळीने लिंपला. लोखंड मात्र जवळही आणले नाही. लोखंड आयुष्य तोडते, वेदी आयुष्य वाढवते, असे रब्बी सांगत. वल्हांडण आणि मंडपांचा सण या ज्यूंच्या दोन सणांना ते फडक्याने माझ्यावर नवा चुना चढवत. तेव्हा मी उजळून जाई.

मग केंब्रिजचा अभ्यासक डॉ. रघुवीर सबनीस आला. दोन वर्षे, दर रविवारी, तो चेऊलकरांकडून ज्यू शास्त्राचा अर्थ लावण्याच्या रीती शिकला. "काका, तुमच्याशिवाय माझं पान हलत नाही," म्हणायचा. २००६ साली त्याने मला प्रदर्शनासाठी मागून नेले आणि माझ्या पोटात दोन लोखंडी स्क्रू पिळले. शेजारच्या पाटीवर रचनाकार म्हणून स्वतःचेच नाव घातले. त्या दिवसापासून मी केवळ सूड जपला. उद्घाटनाला चेऊलकर येईपर्यंत मी आतल्या आत तडकत राहिले.

त्यांच्या मुलीने, सीमाने, खाली वाकून दगड उचलला. फटीतून स्क्रू चमकला.

"बाबा, ह्यानं आयर्न वापरलंय!"

"काका, दगड पक्के केल्याशिवाय हेल्थ अँड सेफ्टीवाले ऐकेनात," रघुवीर हसला.

"आणि पाटीवर बाबांचं नाव नाही, तेही हेल्थ अँड सेफ्टीसाठीच का?"

चेऊलकरांनी तिला हातानेच थांबवले. "रघुवीर, हलक्यावरून जडाकडे जायची रीत तुला पहिल्याच महिन्यात शिकवली होती: जे लहानाला लागू, ते मोठ्याला अधिकच लागू. दगडाला डोळे नाहीत, कान नाहीत, तोंड नाही. तरी त्याच्यावर लोखंड उचलायचं नाही. मग ज्याला हे सगळं आहे, त्या माणसाशी कसं वागायचं? सांग बघू."

मित्रांनो, वस्तू जपाच. पण ती घडवणाऱ्याचे नाव तिच्याहून अधिक जपा. क्षमा मला येत नाही. त्याची मान खाली गेलेली पाहताना मला चुन्याच्या नव्या हातासारखे गार वाटले.

रघुवीरने हातातला ग्लास माझ्या चौथऱ्यावर ठेवला आणि तो दाराकडे चालू लागला. पाहुण्यांनी सरकून त्याला वाट दिली. हात कुणीच पुढे केला नाही.