रुपरावांनी दिलेला खडक

महायुद्धात रुपराव ब्रह्मदेशापर्यंत गेले होते. तिथे त्यांच्याकडे फलटणीची खेचरे होती. शत्रू काही त्यांच्या दृष्टीस पडला नाही. पण नरखेडला परतल्यावर ते पदके लावून बाजारातून हिंडू लागले आणि न लढलेल्या लढाया लोकांनीच त्यांच्या नावावर चढवल्या. बावनच्या निवडणुकीत ते आमदार झाले.

नागपूरच्या विधानसभेत ते कसणाऱ्याच्या हक्कावर घसा बसेपर्यंत बोलत. सुटीत गावी गेले की स्वतःच्या संत्र्याच्या बागेत मजुरांना अंधार पडेपर्यंत सोडत नसत. एकदा विरोधी बाकावरून कोणी विचारले, "साहेबांनी स्वतः किती जमीन दिली?" सभागृह हसले.

"येत्या रविवारी देतो!" रुपराव गरजले.

रविवारी मांडव उभा राहिला, नागपुरातून फोटोग्राफर आला. बागेला लागून असलेला खडकाळ तुकडा रुपरावांनी भूदानात तुळजाबाईला दिला. ती त्यांच्याच बागेत निंदणाला, म्हणजे तण काढायला, येणारी विधवा.

घरी बायको गोपिका म्हणाली, "तिथं बकरीबी थांबत नाही. तोच तुकडा काहून देल्ला?"

"म्हणूनच त देल्ला," रुपराव म्हणाले.

तुळजाबाईने भावांना बोलावून खडकात विहीर खोदायला घेतली. दोन उन्हाळे गाव हसत होते. तिसऱ्या उन्हाळ्यात सुरुंग उडाला, भाऊ दगड काढायला खाली उतरले आणि पाणी असे उसळले की वर चढताना भावांची धांदल उडाली. त्याच महिन्यात रुपरावांची विहीर आटली. कोवळी संत्री बोराएवढी होऊन गळू लागली.

रुपरावांनी जुना गणवेश चढवला, बंदूक घेतली आणि तुळजाबाईची विहीर गाठली. मागून निम्मे गाव आले.

"तुळजाबाई, ही जमीन मी वापस घेऊन राहिलो. कागद कच्चा होता."

"खडक होता तवा पक्का होता, अन् पाणी लागल्यावर कच्चा झाला?"

रुपरावांनी बंदूक आभाळाकडे रोखून चाप ओढला. काहीच झाले नाही. काडतूस भरायचे राहिले होते. लोक इतके हसले की मोटेचे बैल बिचकले.

तुळजाबाई मात्र हसली नाही. "झाडं मीच निंदली हायेत, साहेब. ते मरताना मले पाहवत नाही. पाणी देतो मी. पण मागा."

घरोघर हात जोडून मते मागणाऱ्या माणसाला एवढे जमले नाही. रुपराव पाठ फिरवून निघाले आणि दुसऱ्याच दिवशी नागपूरला गेले.

गोपिका मागे राहिली. तिने जाऊन पाणी मागितले. दोघींनी पाट काढून बांधाजवळची झाडे वाचवली. बाकीची बाग सरपणात गेली.

सत्तावनला रुपराव पडले. तरी पाटबंधाऱ्यांच्या एका समितीवर त्यांची वर्णी लागली, अनुभवी बागायतदार म्हणून. गोपिकेने पाठवलेली संत्री ते नागपूरच्या बंगल्यावर पाहुण्यांपुढे ठेवत आणि सांगत, "खडकातून पाणी काढून जगवली हायेत, राजेहो!"

पाहुणे मान डोलवत आणि सालीसकट दोन-दोन खिशात टाकत.