धोंडीरामाची पाठ

धोंडीराम नेसरीकराच्या पाठीला जन्मात माती लागली नव्हती. म्हणजे आखाड्यातली. नेसरीहून तो कोल्हापूरच्या तालमीत आला तेव्हा मिसरूड फुटायचं होतं, आणि लंगोट खुंटीला अडकवला तेव्हा केस पिकायला लागले होते. मधल्या काळात ज्या ज्या पैलवानांनी त्याला आभाळ दाखवायची हौस धरली, ते स्वतःच बघून गेले. ही पाठ तो इतकी जपायचा, की घरातसुद्धा उताणा झोपत नसे. न जाणो, कुणी बघितलं आणि चीत झाला म्हणालं तर? हर्नियाचं ऑपरेशनदेखील डॉक्टरनं त्याला कुशीवर ठेवून केलं, असं पेठेत सांगतात. खोटं वाटत असेल तर डॉक्टरला विचारा. पण तो आता नाही.

अशा माणसाला अठ्ठ्याण्णव सालच्या गणपतीत, सत्तरी उलटल्यावर, ऐन दिवेलागणीला बातमी कळली, की आपण चौकात पडतोय.

"पडतोय म्हंजे?" त्यानं बायकोला, अंबूबाईला विचारलं.

"म्हंजे पडतायसा. मंडळानं हलता देखावा केलाय. तुमचा पुतळा आन् आण्णा शाहूवाडीकराचा. आण्णा तुमास्नी उचलतोय आन् आपटतोय. मी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा थांबले न्हाय, भाजी घ्यायची हुती."

"आन् तू गप बघितलंस?"

"मग काय मोटर धरू? मिशी मात्र झोकात लावलीया. तुमच्यापरास चांगली हाय."

धोंडीरामानं चहा तसाच ठेवला, काठी घेतली आणि चौक गाठला.

देखाव्यावर पाटी होती, 'झाली असती तर?' खाली खरी तांबडी माती ओतून आखाडा केलेला. आण्णा शाहूवाडीकर हा धोंडीरामाच्या मागनं वीस वर्षांनी गाजलेला पैलवान. एकानं लंगोट ठेवला तेव्हा दुसरा जोर काढायला शिकत होता, त्यामुळं दोघांची गाठ कधी पडली नव्हती. ती मंडळानं पाडली. इचलकरंजीच्या एका यंत्रमागाची जुनी मोटर आणून पुतळ्यांना जोडली. बटण दाबलं की हलगी वाजायची, आण्णाचा पुतळा ढाकेचा डाव टाकायचा, धोंडीरामाचा पुतळा हवेत गरगरून मातीत आदळायचा, आणि कर्णा म्हणायचा, "धोंडीराम चीत." मग उजव्या खांद्यातली सळई त्याला उभा करायची. कशाला, तर पुन्हा पडायला.

धोंडीरामाशेजारी सांगलीकडचा एक जण पोराला खांद्यावर घेऊन उभा होता. त्यानं सहज विचारलं, "पावणं, ह्यो पडतोय त्यो कोण?"

धोंडीराम त्याच्याकडं नुसता बघत राहिला. तो माणूस पोरगं घेऊन पलीकडं जाऊन उभा राहिला.

मंडळाचा अध्यक्ष बाळासो लगबगीनं आला. "या दादा, या. खुर्ची द्या रं दादास्नी."

"खुर्ची घाल चुलीत. मला पाडलं कुणी?"

"आण्णानं."

"कवा?"

"पाडलं न्हाय वो, म्हंजे, झाली असती तर."

"झाली असती तर मी पडलो असतो, हे कुणी ठरवलं?"

"मीटिंग झाली की. हात वर केलं समद्यांनी."

"पाठ माझी आन् हात तुमचं व्हय?"

बाळासो जरा चाचरला, पण अध्यक्षच तो. "दादा, राग धरू नगा, पर आण्णाचं वजन बगा. आण्णा दिल्लीला खेळून आलता, गादीवरच्या कुस्त्या शिकलाय. खुराकाला पसापसा बदाम."

"बदाम? आरं, आमच्या येळंला म्हशीच येगळ्या हुत्या. दुधाचं भांडं विसळायला हात घातला तर हात निघत न्हवता. आन् गादीवर पडून कोण पैलवान हुतंय? गादीवर मानूस झोपतोय."

लोक हसले, तसा धोंडीराम जास्तच भडकला. "उलटं कर. एक दिस त्यानं पाडू दे, एक दिस मी पाडतो. मग बोल."

"मोटर एकाच अंगाला फिरती, दादा. उलटी लावून बघितली. आण्णा पडत न्हाय. तुमीच मातीतनं उठून मागं उडतासा."

एवढ्यात पुन्हा हलगी वाजली आणि पुतळा आदळला. सळईनं तो उचलला, तसा धोंडीराम काठी टेकत त्याच्या मागच्या अंगाला गेला. पुतळ्याचा डावा खांदा मातीनं लालभडक. उजवा कोरा. सळई आड येत होती, तो खांदा खाली टेकतच नव्हता. आणि दोन्ही खांदे टेकल्याबिगर चीत नाही, हे कोल्हापुरात रांगतं पोरसुद्धा जाणतं.

"कुस्ती झाली न्हाय," धोंडीराम म्हणाला, आणि मघाची खुर्ची मागवून आखाड्याला लागून बसला.

त्या दिवसापासनं रोज तिन्हीसांजेला तो तिथं. कर्णा म्हणायचा, "धोंडीराम चीत." धोंडीराम काठी वर करून म्हणायचा, "न्हाय झाली." बातमी पसरली. शाहूवाडीहून टेम्पो भरून माणसं आली ती 'झाली' म्हणायला, नेसरी-गडहिंग्लजकडनं यष्टीनं आली ती 'न्हाय झाली' म्हणायला. चौकात मुंगीला वाट मिळेना. पुतळ्यालाही शंका आली असं म्हणतात, कारण आठव्या दिवसापासनं तो पडताना आधी धोंडीरामाकडं बघायचा.

बाळासो खुशीत होता. एका संध्याकाळी त्यानं माईक आणून पुढं धरला. "दादा, ह्यात म्हणा की. मागच्यास्नी ऐकू येत न्हाय. लोकास्नी लई गंमत वाटतीया."

"गंमत?" धोंडीरामानं काठी आपटली. "मी तुमच्या देखाव्यातला तिसरा पुतळा हाय व्हय रं?"

त्यानं माईक बाजूला सारला. पण खुर्ची सोडली नाही. सोडली असती तर 'न्हाय' म्हणायला मागं कोण होतं?

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी गर्दी एकाएकी दुभंगली आणि मधनं खुद्द आण्णा शाहूवाडीकर आला. आता त्याची डेअरी होती आणि गुडघे गेलेले. बोटीसारखा या अंगाला त्या अंगाला कलत तो चालायचा. त्यानं लांबनंच हात जोडले. धोंडीरामानं मान हलवली, तीही निम्मीच.

बाळासोनं बटण दाबलं. हलगी घुमली, पुतळा हवेत गेला. पण इतक्या दिवसांच्या आपटाआपटीनं सळईचा नट ढिला पडला होता. पुतळा आला तो सपाट. धप्पकन आवाज झाला, धुरळा उडाला. नेहमीपेक्षा खालच्या सुरातला तो आवाज धोंडीरामाला बरोबर कळला. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या पाठीचा ऐकला होता.

काठी वर झाली नाही. सळई करकरत पुतळ्याला उचलू लागली. आता पाठ दिसणार, आणि उजव्या खांद्यावरची माती सगळ्या गावाला दिसणार.

आण्णा दोरी ओलांडून आत शिरला. एवढा अवजड गडी, पण पुतळा उभा राहायच्या आत त्याच्या पाठीमागं जाऊन उभा. त्याच्या आडव्या अंगानं पुतळ्याची पाठ अख्खी झाकली गेली. वाकून त्यानं उजवा खांदा बघितला, सावकाश बघितला, आणि गर्दीकडं तोंड केलं.

"न्हाय झाली."

"आण्णा, टेकला की खांदा," बाळासो म्हणाला. "म्या बघितला."

"कुस्ती माझी हाय का तुझी? मी म्हणतोय न्हाय झाली."

आणि जिंकलेल्या पैलवानाला देतात तशी शाबासकी तो पुतळ्याच्या उजव्या खांद्यावर द्यायला लागला. थाप, थाप, थाप. तांबडी माती भुरुभुरु गळत खाली गेली.

धोंडीराम खुर्चीतनं उठला. डोळे भरले होते, पण आवाज अजून तापलेलाच.

"आण्णा," तो म्हणाला, "जरा हळू. पाठ हाय ती."