कानाचं मशीन आणि आमचे हे

कानात नवं मशीन घालून लेकीबरोबर दुकानातून घरी आले, तर आमचे हे दारातच खेकसले, "आलीस? उशीर झाला!" पण मी काही ऐकून घेणाऱ्यांतली नाही. म्हटलं, झाला उशीर, मग काय दारात उभं करून शिक्षा देणार? लेक दारातूनच गुपचूप सटकली.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. दूध आलं, हे सांगताना घरात दरोडा पडल्यासारखा आवाज. रागावलात का, असं विचारलं की "नाही!" म्हणून असे ओरडायचे की भांडी हलावीत. मी मनात म्हटलं, म्हणजे इतकी वर्षं हा माणूस माझ्यावर डाफरतच होता आणि मी बहिरी आपली हसून मान डोलवत होते! मी जेवताना तोंड फिरवून बसू लागले.

खरं तर यांची सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. लोकांना "हळू बोला" सांगायचा पगार मिळायचा यांना. लग्न ठरलं तेव्हा आईने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, मुलाला बोलता येतं ना गं? मी मात्र छापखान्यात, पुस्तकं शिवायच्या यंत्रापाशी. त्या धडधडाटात माझे कान हळूहळू गेले आणि तितकाच हळूहळू यांचा आवाज चढला. दोघांनाही पत्ता लागला नाही.

शेवटी मीच कंपनीत फोन केला की तुमचं मशीन घेऊन जा. कंपनी लहानशी, पण एक पद्धत चांगली. मशीन विकलं की विषय संपला, असं त्यांच्यात नाही. त्यांची बाई घरी येते आणि आपण ज्याचं बोलणं सगळ्यात जास्त ऐकतो, त्या माणसाला समोर बसवून मशीन लावून देते. महिनाभरात नाही पटलं तर परत घेतात.

बाई आल्या. चाळिशीच्या, शांत. यांना पेपर वाचायला लावला. यांनी हवामानाची बातमी अशी वाचली की समोरच्या घरातली खिडकी उघडली. बाईंनी माझ्या मशीनला हातही लावला नाही. पिशवीतून मशीनसारखाच आवाज वाढवणारे हेडफोन काढले, यांच्या कानांवर चढवले आणि म्हणाल्या, "काका, काकूंना काय ऐकू येतं ते आता तुम्ही ऐका. वाचा पुढे."

यांनी एक ओळ वाचली आणि थांबले. हेडफोन काढून टेबलावर ठेवले. चेहरा एवढासा झाला होता. मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की त्या बाईंचाच राग आला.

त्या दिवसापासून हे बोलायचेच बंद झाले. दूध आलं की पातेल्याकडे बोट. मीठ हवं तर चिमटीची खूण. मी चिडवून पाहिलं, भांडून पाहिलं, ढिम्म. तेलही गेलं, तूपही गेलं, अशी माझी गत. मी ठरवलं, मशीन परत. ओरडणारा नवरा परवडला, मुका नको. बाईंना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि संध्याकाळी मशीनची डबी काढून ओट्यावर ठेवली.

"राहू दे."

मी वळले. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. आवाज थोडा कापरा, पण तोच, लग्नातला. म्हणाले, रोज न्हाणीघरात नळ सोडून हळू बोलायचा सराव करत होतो. मी म्हणते, एवढ्या अंघोळी कसल्या करतात! हसू आवरेना. पण ते हसत नव्हते.

"मागे तुझं ऑपरेशन होतं ना, तेव्हा मला फार भीती वाटली होती. तू परत घरी येणार नाहीस असं वाटलं होतं."

"अहो, मग तेव्हा का नाही बोललात?"

"सगळा वॉर्ड ऐकत होता. हे ओरडून कसं सांगायचं?"

खरंच की. दूध आलं, गॅस बंद कर, फोन वाजतोय. इतकी वर्षं आमच्यात ओरडण्याजोगंच तेवढं बोलणं झालं होतं. मला रडू फुटलं. रडतानाही तोंड गप्प बसेल तर शपथ. पदराने नाक पुसत मी विचारलं, "असं अजून काय काय सांगायचं राहिलंय?"

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"बस," म्हणाले, "वेळ लागेल."