गादीवरचा ओला टॉवेल

“काकू, हसू नका. म्हणा तुमी,” अरीबानं मोबाइल थांबवला. “वेट टॉवेल.”

कौशल्याला हसू आवरेना. अरीबा घरमालकाची कॉलेजात जाणारी मुलगी. तिच्या मोबाइलमध्ये तिचे शफीकमामू अंघोळ करून आले होते, ओला टॉवेल त्यांनी गादीवर भिरकावला होता आणि त्यांची बायको जैनबबी कमरेवर हात ठेवून इंग्रजीत कडाडत होती. अकोल्याच्या जुन्या शहरात या मामूंचं बांगड्यांचं दुकान. घरातलं रोजचं एक भांडण ते व्हिडिओत घालत आणि त्या निमित्तानं पाच इंग्रजी शब्द शिकवत. कालचं भांडण बादलीत पडलेल्या साबणाचं होतं.

“वेट टॉवेल! ऑन द बेड! अगेन!” कौशल्या म्हणाली. हे मात्र तिला एका दमात आलं. नवऱ्याला, सूर्यभानला, तिनं सव्वीस वर्षं वऱ्हाडीत हेच सांगितलं होतं.

पण गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती. कौशल्या बडनेऱ्याच्या एका बालवाडीत आया होती. नव्या मॅडमनी फर्मान काढलं होतं : आयांनीही पोरांशी रोजचे शब्द इंग्रजीत बोलायचे. सोमवारी परीक्षा, नाही जमलं तर घरी बसायचं. दोन वर्षांपूर्वी बोंडअळीनं कपाशी खाल्ली तेव्हा सूर्यभान पुण्याला वॉचमन म्हणून गेला आणि धामणगावजवळचं अडीच एकर पडीक राहिलं. दोघांचं ठरलं होतं. तिची नोकरी टिकली तर घर तिच्या पगारावर चालेल, तो मृगाआधी येऊन पेरणी करील. गेली तर तीही पुण्याला आणि शेत मक्त्यानं दुसऱ्याला. सातवी शिकलेल्या बाईच्या जिभेवर सगळं येऊन टेकलं होतं.

सोमवारी मॅडमनी टेबलावर चित्रांचे पत्ते मांडले. घडी घातलेला कोरडा टॉवेल. डबीतला साबण. आरशापुढचा कंगवा. कौशल्यानं एकेक पत्ता उचलून पाहिला. एक शब्द आठवेल तर शपथ! शफीकमामूंच्या घरात कोणती वस्तू अशी शहाण्यासारखी जागेवर असायची? टॉवेल ओला, साबण बादलीत, कंगवा सासूच्या पिशवीत. तिनं शब्द पाठ केले होते ते भांडणासकट. आता भांडण नाही, म्हणून शब्दही नाहीत.

“वेळ घ्या,” मॅडम घड्याळाकडे पाहत म्हणाल्या.

“मले येते जी मॅडम. कालपर्यंत येऊन राह्यलं होतं...” संपलं आता, असं तिला वाटलं.

तेवढ्यात चार वर्षांची माहेनूर हात-तोंड धुऊन आली आणि तिनं आपला निथळता टॉवेल पोरांच्या झोपायच्या गादीवर भिरकावला.

“माहेनूर!” कौशल्याचे हात कमरेवर गेले. “वेट टॉवेल! ऑन द बेड! अगेन! पिक इट अप!” आता ती थांबते कसली! “सोप इन द बकेट! व्हेअर इज माय कोम?” आठवड्याभराची सगळी भांडणं एकामागोमाग बाहेर पडली.

माहेनूर काही घाबरली नाही. तिनं टॉवेल उचलून खुंटीला अडकवला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, “अगेन!” सगळी पोरं “अगेन, अगेन” करत नाचू लागली.

मॅडमना हसू फुटलं. पत्ते गोळा करत त्या म्हणाल्या, “कौशल्याबाई, उद्यापासून जरा हळू आवाजात.”

उद्यापासून! कौशल्यानं तेवढंच ऐकलं. मोरीत जाऊन तिनं नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. जीव भांड्यात पडला होता.

मग तिनं पुण्याला फोन लावला. “काम राह्यलं माह्यं. या तुमी आता.”

सूर्यभाननं विचारलं, “पेरायची तिफन जागेवर आहे ना वं?”

“आहे. मीच झाकून ठेवली.”

मृगाच्या आठ दिवस आधी सूर्यभान बडनेऱ्याला उतरला. अंघोळ करून आला, अंग पुसलं आणि सवयीनं ओला टॉवेल गादीवर टाकला. मग स्वतःच चपापला.

“आता ओरडशीन?”

कौशल्यानं कमरेवर हात ठेवले, तोंड उघडलं. दोन वर्षं त्या गादीवर ओला टॉवेल पडला नव्हता.

“राहू द्या,” ती म्हणाली, “पडला राहू द्या आज.” आणि भाकरी टाकायला वळली.