आत्याचं पोट भरेल असं सॅलड

आर्किटेक्चर शिकणाऱ्या त्या मुलीला सगळे पेन्सिल म्हणत. एकतर अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली, आणि अंगानेही तशीच. नाव ठेवणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. पण परवा परीक्षकांना आपल्या इमारतीचं मॉडेल समजावून सांगता सांगता ती चक्कर येऊन त्या मॉडेलवरच आडवी झाली, तेव्हा मात्र कोणाला हसू आलं नाही. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

बातमी घरी पोचायची ती पोचलीच. बाबा फोनवर ओरडले नाहीत, त्यामुळे तिला जास्तच धडकी भरली. ते शांतपणे म्हणाले, रविवारी आत्या जेवायला येईल. पोरगी नीट जेवते असं आत्या म्हणाली तर खोली ठेव, नाहीतर सामान उचल आणि आत्याकडे राहायला जा. आता आत्याचं घर म्हणजे शहराचं पार दुसरं टोक. तिथून जाऊन-येऊन कॉलेजची कामं करायची म्हणजे शिक्षण सोडल्यातच जमा.

आत्या शाळेत खेळ शिकवायची. दणकट बाई, आणि खाण्याच्या बाबतीत कोणाची भीडभाड न ठेवणारी. तिला पोटभर जेवू घालताना भल्याभल्यांनी हात टेकले होते. त्यात घरमालकीणबाईंनी खोलीत शेगडीला बंदी केलेली, परवानगी फक्त विजेच्या किटलीला. महिनाअखेर असल्यामुळे पाकिटात खडखडाट. बाहेरून मागवायचा प्रश्नच नव्हता. मग उरलं काय, तर सॅलड.

पहिला प्रयोग तिने रूममेटवर केला. मॉडेलचा कटर धुऊन काकडीच्या एका जाडीच्या चकत्या, टोमॅटोच्या पाकळ्या, भोवती महागाची हिरवी पानं. दिसायला इतकं देखणं की रूममेटने आधी फोटो काढला, मग खाल्लं, आणि तासाभरात ती बिस्किटांचा पुडा फोडून बसली. हे बघायचं सॅलड आहे बाई, खायचं नाही, असं तिने तोंडावर सांगितलं. पेन्सिलला राग आला, पण तिच्याही पोटात कावळे ओरडत होते, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं.

मग दोघींनी डोकं लावलं. पोटात टिकेल असं आणि खिशाला झेपेल असं काय? मसूर, बटाटे, अंडी, शेंगदाणे. महागाच्या पानांऐवजी कोबी, कारण एक गड्डा आठवडाभर पुरतो. बटाटे आणि अंडी किटलीत उकडतात. भिजवलेले मसूर थर्मासमध्ये उकळतं पाणी ओतून बंद केले, तर आंघोळ, कपडे धुणं आटपेपर्यंत मऊ होतात. हे करून बघितलं आणि जमलंसुद्धा.

पण सवय कुठे जाते! मॉडेल नेहमी आदल्या संध्याकाळी जोडायचं, म्हणजे डिंक नीट सुकतो आणि सकाळी पळापळ होत नाही, ही पेन्सिलच्या वर्गाची शिस्त. तिने शनिवारी संध्याकाळीच कोबी, काकडी, टोमॅटो चिरून मीठ घातलं, लिंबू पिळलं, सगळं छान कालवून झाकून ठेवलं. म्हणे, बसू दे रात्रभर.

रविवारी सकाळी झाकण काढलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. ते सगळं पाणी बहुतेक पातेल्यातच जमा झालं होतं. भाज्या लुळ्या पडून त्यात पोहत होत्या. आता हे आत्याला पेल्यातून द्यायचं का, असं रूममेटने विचारलं.  पेन्सिलने पातेलं उचललं, मोरीपाशी नेलं, आणि ओतायच्या आधी सहज एक चमचा तोंडात घातला. आंबट, खारट, भाज्यांची सगळी चव त्यात उतरलेली. किटलीतले बटाटे नुकतेच शिजले होते. तिने ते चटके सोसत सोलले, हातानेच कुस्करले आणि ते पाणी हळूहळू त्यांच्यावर ओतलं. गरम बटाट्यांनी ते बघता बघता पिऊन टाकलं. मग त्यात मसूर, पिळून घेतलेल्या भाज्या, अंड्यांच्या फोडी, दुकानातून आणलेले भाजलेले दाणे, आणि दाताखाली काहीतरी कुरकुरावं म्हणून उरलेला कोबी ऐन वेळी चिरून.

आत्या आली. खोली बघितली, कपाट उघडलं, कचऱ्याचा डबासुद्धा सोडला नाही. मग बसली आणि दोनदा वाढून घेऊन जेवली. तिसऱ्यांदा तिने ताट पुढे केलं नाही. पेन्सिलचा जीव भांड्यात पडला.

"तुझं ताट कुठाय?" आत्याने विचारलं.

मी मागाहून जेवते, पेन्सिल म्हणाली. तिचं हे नेहमीचंच. कोणी परीक्षा घ्यायला आलं की तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

"मी काय माझं पोट तपासायला आले? घे वाढून."

पेन्सिलने वाढून घेतलं. पहिला घास तोंडातच फिरत राहिला. दुसरा कसाबसा गेला. आणि मग अशी भूक लागली की तिला स्वतःचीच लाज वाटली. खाताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी ती थांबली नाही. रूममेट बिचारी उगीचच खिडकीबाहेर बघत बसली. ताट पुसून लख्ख झालं.

"आणि उद्या?" आत्या म्हणाली.

 उद्याचा विचार पेन्सिलने केलाच नव्हता. सगळी धडपड आजच्यापुरती, आत्याला दाखवण्यापुरती होती. हे आत्याला कळलंय, हेही तिला कळलं. आता सामान बांधायचंच, असं धरून ती उठली. पण ताट मोरीत ठेवल्यावर तिचा हात मसुरांच्या बरणीकडे गेला. तिने एक मूठ वाडग्यात टाकली, रूममेटकडे बघून अजून एक टाकली, आणि वर पाणी ओतलं.

आत्याने फोन लावला. "दादा, जेवली ती. आणि उद्याचे मसूर भिजत घातलेत." पलीकडून बाबा काहीतरी विचारत राहिले. आत्याने ऐकून घेतलं. "नको. राहू दे तिला इथेच."

पेन्सिल वाडगा धरून तशीच उभी होती. आत्याने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि त्यावर झाकण ठेवलं.