छपरावरचा आवाज

फिनिक्समध्ये कोणी नवं राहायला आलं की गल्लीतले लोक त्याला माझ्याकडे पाठवतात. ओफेलिया बुस्तामान्तेला विचारा म्हणतात, ती इथलीच जुनी. आणि मी अशी की कोणी विचारलं नाही तरी सांगणार. उन्हाळ्यात नळाला गार पाणी येत नाही, थंडची तोटी सोडलीत तरी चटका बसेल. गाडीचं स्टिअरिंग उघड्या हाताने धरू नका. बूट झाडल्याशिवाय पायात घालू नका, आत विंचू असतो. तहान लागायच्या आधी पाणी प्या. आणि उन्हात घाम यायचा थांबला तर बरं वाटतंय म्हणून खूश होऊ नका, तो मरणाचा सांगावा असतो.

शेजारच्या घरात मिनेसोटाहून आनिका आली, तेव्हा तिलाही हे सगळं ऐकवलं. पोरगी गुणी. दारात बर्फाची पेटी ठेव, त्यात पाण्याच्या बाटल्या घाल, टपालवाल्याचा आणि पार्सलवाल्यांचा जीव वाचतो, हेही मीच शिकवलं. तिने लगेच ठेवली. तिची एकच कुरकुर होती. माझ्या छपरावरचा म्हातारा एसी फार खडखडतो, तिला झोप लागत नाही. बघते काहीतरी, म्हटलं मी.

जुलैत एसी आपणहून गप्प झाला.

मेकॅनिक छपरावरून उतरला तोच मान हलवत. नवा बसवायला हवा म्हणाला, आणि तो माझ्या पेन्शनीत बसणारा नव्हता. रूबेनला, माझ्या मुलाला, कळवलं असतं तर त्याने विमानाचं तिकीट पाठवलं असतं. सिअ‍ॅटलला त्याने माझ्यासाठी खोली रंगवून ठेवली आहे. आई, यंदा तो एसी बंद पडला तर मी तुला न्यायलाच येणार, असं त्याने बजावून ठेवलं होतं. लग्न होऊन मी या घरात आले, माझा नवरा एर्नेस्टो याच घरातून गेला. मला इथून कोणी सामानासारखं उचलून नेलेलं चालणार नाही. म्हणून मी कोणाला काही बोललेच नाही. जमेल तेवढा वेळ वाचनालयात बसायचे, घरी आले की ओली चादर अंगावर घ्यायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

एसी बंद पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आनिका लिंबाचा केक घेऊन दारात उभी.

"मिस ओफेलिया, माझ्यासाठी एसी नीट करून घेतलात ना? काल कित्ती दिवसांनी झोप लागली मला."

मी दार चार बोटंच उघडलं होतं. आतून गारवा येत नाही हे तिला कळलं असतं. शेजारधर्म असतो, असं काहीतरी पुटपुटले आणि केक घेतला. दार लावल्यावर माझी मलाच इतकी लाज वाटली की तो केक तासभर तसाच टेबलावर ठेवला.

घर तापल्यावर फ्रिजनेही मान टाकली, बर्फ जमेना. तेव्हा मी एर्नेस्टोची रुंद टोपी डोक्यावर ओढली आणि भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, आनिकाच्या पेटीतला बर्फ पातेल्यात भरून आणला. पाण्याला हात लावला नाही हो, बर्फच तेवढा. एकदा केलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. तिच्या दाराच्या बेलमध्ये कॅमेरा आहे हे माझ्या गावीही नव्हतं.

गल्लीच्या ग्रुपवर आनिकाने टाकलेल्या व्हिडिओत माझी मीच मला दिसले. टोपी, वाकलेली पाठ, पातेलं. तोंड दिसत नव्हतं, तेवढीच देवमातेची कृपा. सगळे म्हणत होते, कोण हा म्हातारा? एकाने लिहिलं, पुढच्या वेळी सरबताचे ग्लासही ठेवा त्याच्यासाठी. मग आनिकाने विचारलं, मिस ओफेलिया, तुम्हीच सांगा, काय करू?

आणि मी काय लिहावं? "लोकांना लाज राहिलेली नाही. पेटी आत घे." चोराच्या उलट्या बोंबा.

तिने पेटी आत घेतली.

त्यानंतर दुपारी क्लेटन आला, आमचा टपालवाला. खिडकीतून बघितलं तर तो आनिकाच्या पायरीपाशी जरा थांबला, पेटीच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, टपाल टाकलं आणि माझ्या अंगणाकडे वळला. लिंबाच्या झाडापर्यंत आला आणि खालीच बसला. मी धावले. त्याचं कपाळ तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठाक. घामाचा थेंब नाही. मला काहीतरी विचारत होता, पण शब्द जुळत नव्हते.

माझ्या घरात गारवा नव्हता, बर्फ नव्हता, नळाला उकळतं पाणी. त्याला सावलीत आडवं केलं, आत जाऊन रुग्णवाहिकेला फोन केला, फोन तिथेच टाकला आणि सवयीने तीच टोपी डोक्यावर घालून आनिकाची बेल दाबली.

"काय हवंय?" बेलमधून तिचा आवाज आला. करडा. फोनवर तिला टोपी दिसली असणार.

मी टोपी काढली आणि तोंड कॅमेऱ्यासमोर धरलं.

"ती मीच गं. मला नंतर बोल. बर्फ आण आधी, क्लेटन पडलाय."

दार धाडकन उघडलं. दोघींनी त्याला तिच्या घरात ओढत नेलं, मानेला, काखेत बर्फ लावला. रुग्णवाहिका आली तेव्हा तो स्वतःचं नाव सांगू लागला होता. वाचेल, म्हणाले ते.

ते लोक त्याला घेऊन गेल्यावर मी उठायला लागले, तर आनिकाने माझ्या मनगटाला धरून बसवलं. मला वाटलं आता बर्फाचं काढेल. तयारच होते मी. पण ती खिडकीतून माझ्या छपराकडे बघत होती.

"कधीपासून बंद आहे तो?"

खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

"तू केक आणलास ना," मी म्हटलं, "त्याच्या आदल्या दिवसापासून."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"केक चांगला होता," मी म्हटलं, आणि रूबेनला एसीचं खरं सांगायला तिच्याकडेच फोन मागितला.