चुन्याखाली

समुद्राकडे तोंड करून बसलेल्या त्या तोफखान्याचा मी एकोणीस वर्षं राखणदार होतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं बांधकाम, आता संरक्षित स्मारक. तोफा दोनच उरलेल्या. जपायच्या त्या भिंती, आणि त्यांची डागडुजी फक्त चुन्यात करायची. सिमेंट लावलं की खारी ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

हे मला शिकवलं मावसभावानं. तो गवंडी, माझ्याहून मोठा, म्हणून दादा. दारूगोळ्याच्या कोठाराची भिंत दुरुस्तीला निघाली तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या साहेबांपुढे मीच त्याचं नाव घेतलं. महिन्याचं काम त्यानं आठ दिवसांत उरकलं. "हात बसलाय माझा," म्हणाला. मी नुकताच नातीकडून लिहायला शिकलो होतो. नोंदवहीत ऐटीत लिहिलं, 'काम चुन्यात झालं. मी पाहिलं.' खाली सही.

दुसऱ्या वर्षी भिंतीच्या पायाशी दगडाचा भुगा पडू लागला. खिळ्यानं खरवडलं. चुना नखाएवढा, त्याखाली खिळा नुसता घसरला.

तसाच दादाच्या घरी गेलो.

"आत सिमेंट आहे, दादा."

"मग? तोफा डागायच्यात का तुला?"

वहिनी हसली.

"उद्या साहेब येतायत बघायला."

"खारी हवा बाधली म्हणून सांग. भिंत काय तोंड उघडणार आहे?"

"मी पाहिलं म्हणून लिहून बसलोय."

"कुणी सांगितलं होतं लिहायला? अंगठाच बरा होता तुझा."

चहा तसाच ठेवून उठलो.

सकाळी पोचलो तर दादा माझ्याआधीच साहेबांजवळ उभा. "यालाच घाई झाली होती, साहेब. मी चुनाच म्हणत होतो." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

साहेबांनी वही उघडली. "अक्षर तुमचं?"

"माझंच."

"पाहिलं होतं काम?"

"नाही. भावाचं काम म्हणून डोळे झाकून लिहिलं."

खिशातला खिळा काढून दादापुढे धरला. "खरवडून दाखव. कसं ओळखायचं ते तूच शिकवलंस." त्यानं हात पुढे केला नाही.

राखणदारी त्याच दिवशी गेली. भिंत दुसऱ्या गवंड्यानं पुन्हा केली, सगळी चुन्यात. मी रोज फाटकाबाहेरून बघून यायचो. त्याला एक महिना आणि चार दिवस लागले.